मोर्सची संकेतलिपी व हौशी बिनतारी : एक पाठ

(इयत्ता सहावी व सातवी. सामान्य विज्ञान, अंकगणित, भूगोल व मातृभाषा यांच्या समवायाने घ्यावयाचा पाठ. तासिका चार.)

१. विषयप्रवेश

खेड्यातील एखाद्या घरी तार आली म्हणजे प्रथम शाळेत निरोप जाई. तार बहुधा इंग्रजीत असे, आणि गावात इंग्रजी वाचणारा मनुष्य पुष्कळदा एकच असे, तो म्हणजे शाळेतील गुरुजी. कित्येक गावांत टपालाचे कामही त्यांच्याचकडे असे. गुरुजी तार उघडीत, चार-पाच शब्द मनाशी वाचीत, आणि तोवर घरातील माणसे श्वास रोखून उभी असत. कारण आनंदाची वार्ता पत्राने येते व दुःखाची तारेने, अशीच लोकांची समजूत होऊन बसली होती. एका शब्दाचा अर्थ चुकला तर आजाऱ्याला मेलेला ठरवावे किंवा मेलेल्याच्या भेटीस धावत निघावे, असा अनर्थ होण्यासारखा होता. वार्ता दूरवर पोहोचविणे जितके कठीण, तितकेच ती जशीच्या तशी पोहोचविणेही कठीण आहे, हे त्या काळच्या शिक्षकास कोणी शिकवावे लागले नाही.

भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. आज सहावी-सातवीच्या वर्गात बसणाऱ्या मुलांनी तार पाहिलेली नाही. त्यांच्या घरी भ्रमणध्वनी आहे. कळ दाबली की बोलणे होते, एवढे त्यांना ठाऊक असते. ते बोलणे कोणत्या मार्गाने जाते आणि वादळात वीज गेली व मनोरा मुका झाला तर काय करावे, हे त्यांना ठाऊक नसते. यंत्र वापरणारा व यंत्र जाणणारा यांतील हे अंतर कमी करण्याचे काम प्राथमिक शाळेस थोड्या खर्चात करता येते. त्यासाठी मोर्सचा संकेत हे साधन फार सोयीचे आहे. तो शिकण्यास दोन घट, थोडी तार व पत्र्याची एक पट्टी पुरते. आणि तो शिकणे म्हणजे मुख्यतः कान देऊन ऐकणे, ऐकले तेवढेच लिहिणे व न कळल्यास पुन्हा विचारणे या तीन सवयी अंगी बाणवणे होय.

२. शिक्षकाची पूर्वतयारी : खानदेश व तार

अमेरिकेत सॅम्युएल मोर्स याने २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठविला. त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याचाही संकेत तयार करण्यात मोठा वाटा होता. हिंदुस्थानात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टराने १८३९ सालीच कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले होते. पुढे त्याच्याच देखरेखीखाली कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडण्यात आली आणि फेब्रुवारी १८५५ पासून सर्वसामान्य लोकांस तार करण्याची मुभा मिळाली. प्रत्येक ४०० मैलांस १६ शब्दांना एक रुपया असा त्या वेळी दर होता व पत्त्याचे शब्दही त्यातच मोजले जात.

आग्र्याची तार इंदूरवरून मुंबईस आली. त्याच दिशेने जाणारा मुंबई-आग्रा रस्ता धुळे व शिरपूर येथून सातपुड्याकडे चढतो, हे खानदेशातील मुलांना परिचयाचे आहे. १८६० नंतरच्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा खानदेशातून गेला. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला व त्याच सुमारास तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडचा मार्ग अमळनेर, जळगावपर्यंत आला. लोहमार्ग आला की त्याच्या कडेने तारेचे खांब येत. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून पुढील स्थानकाची संमती आल्यावाचून गाडी सोडीत नसत, आणि अशा निरोपांची देवाणघेवाण तारेवर होत असे. तारेवर बसलेल्या माणसाचा कान चुकला तर प्राणहानी व्हावी, असे ते काम होते. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनवर रात्रंदिवस चालणारा ‘कट्ट-कडकट्ट’ हा ध्वनी कित्येक पिढ्यांच्या ओळखीचा होता.

हा ध्वनी कसा उत्पन्न होई, हे मुलांना समजावून द्यावे. पलीकडच्या गावी कळ दाबली की तारेतून वीज वाहते. अलीकडच्या यंत्रातील लोखंडाभोवती गुंडाळलेल्या तारेत ती शिरली की त्या लोखंडाचा चुंबक होतो आणि तो एक पट्टी खाली ओढतो. कळ सोडली की चुंबकत्व जाते व पट्टी वर उडते. खाली येताना एक ठोका, वर जाताना दुसरा. दोन ठोक्यांमधील अवधी थोडा असला तर तो बिंदू आणि अधिक असला तर ती रेघ. प्रारंभी यंत्र या खुणा कागदाच्या फितीवर उमटवीत असे व कारकुनाने त्या डोळ्यांनी वाचाव्या अशी योजना होती. परंतु काम करणाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले की, फितीपेक्षा कान अधिक जलद वाचतो. तेव्हापासून तार ही कानाची विद्या झाली.

३. संकेताची रचना : लघु, गुरु व गण

मोर्सच्या संकेतात दोनच खुणा आहेत : बिंदू (·) व रेघ (–). रेघेचा अवधी तीन बिंदूंइतका असतो. एका अक्षरातील दोन खुणांमध्ये एका बिंदूइतका, दोन अक्षरांमध्ये तीन बिंदूंइतका व दोन शब्दांमध्ये सात बिंदूंइतका विराम ठेवावयाचा असतो. हे विराम खुणांइतकेच महत्त्वाचे आहेत. विराम बिघडला की अक्षरे एकमेकांत मिसळतात.

मराठी शिक्षकास ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. वृत्तांची लक्षणे शिकताना त्याने लघु-गुरूचा अभ्यास केलेला असतो. बिंदूस लघु व रेघेस गुरु म्हटले की इंग्रजी वर्णमालेचा बराचसा संकेत त्याला आधीच येत असल्याचे दिसून येईल. तीन अक्षरांचे आठ गण आणि मोर्समधील तीन खुणांची आठ अक्षरे यांचा मेळ पुढीलप्रमाणे बसतो :

य-गण (· – –) : डब्ल्यू
म-गण (– – –) : ओ
त-गण (– – ·) : जी
र-गण (– · –) : के
ज-गण (· – ·) : आर
भ-गण (– · ·) : डी
न-गण (· · ·) : एस
स-गण (· · –) : यू

एकटा लघु म्हणजे ई, एकटा गुरु म्हणजे टी. लघु-गुरु म्हणजे ए, गुरु-लघु म्हणजे एन, दोन लघु म्हणजे आय व दोन गुरु म्हणजे एम. एवढ्यानेच चौदा अक्षरे हाती येतात. फरक एवढाच की छंदःशास्त्रात गुरूच्या दोन मात्रा धरतात, तर तारेच्या गुरूस तीन मात्रा द्याव्या लागतात.

संकटात सापडलेल्या जहाजाने मदतीसाठी द्यावयाचा एस-ओ-एस हा संकेत पुष्कळांनी ऐकलेला असतो. १९०६ साली बर्लिन येथे भरलेल्या परिषदेत तो ठरला व १ जुलै १९०८ पासून अंमलात आला. हा संकेत कोणत्याही इंग्रजी शब्दांचा संक्षेप म्हणून घेतलेला नाही. तीन बिंदू, तीन रेघा, तीन बिंदू ही खूण कोलाहलातही चटकन ओळखू येते, म्हणून तिची निवड झाली. आणि ती मधे विराम न घेता सलग पाठवितात. गणांच्या भाषेत पाहिले तर ती न-गण, म-गण, न-गण अशी होते. म्हणजे गणांची नावे ओळीने वाचली असता ‘नमन’ हा शब्द तयार होतो. हा केवळ योगायोग आहे. तथापि तो एकदा ऐकलेला विद्यार्थी हा संकेत जन्मात विसरणार नाही. मराठीत न-गणाचे उदाहरण म्हणूनही ‘नमन’ हाच शब्द देतात. येथे मात्र त्याची तीन अक्षरे ही तीन गणांची नावे म्हणून घ्यावयाची आहेत, हे शिक्षकाने ध्यानात ठेवावे.

सहावीच्या मुलांना गणांची नावे शिकविण्याची आवश्यकता नाही. त्यांच्याकडून लघूसाठी ‘ल’ व गुरूसाठी लांब ‘गा’ असे म्हणवून घ्यावे. ‘ल ल ल, गा गा गा, ल ल ल’ हे पाढ्यांप्रमाणे तालावर म्हणण्यात मुले रमतात आणि संकेत डोळ्यांऐवजी कानात बसतो. बिंदू व रेघा फळ्यावर पाहून पाठ केलेला संकेत ऐकताना उपयोगी पडत नाही, हा तार शिकविणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

४. संकेतातील अंकगणित

एका खुणेची २ अक्षरे होतात, दोन खुणांची ४, तीन खुणांची ८ व चार खुणांची १६. छंदःशास्त्रात यालाच प्रस्तार म्हणतात व पिंगलाच्या ग्रंथापासून ही गणना आपल्याकडे चालत आली आहे. २, ४ व ८ यांची बेरीज १४ होते. इंग्रजी अक्षरे २६ आहेत. म्हणून चार खुणांपर्यंत जावे लागते. १६ मिळविले की ३० होतात व काम भागते. अंकांना पाच-पाच खुणा दिल्या आहेत. पाच खुणांचे प्रकार ३२ होतात. ही मांडणी मुलांकडूनच फळ्यावर करवून घ्यावी.

दुसरा प्रश्न असा की, ई या अक्षरास एकच बिंदू का व क्यू या अक्षरास चार खुणा का? जे अक्षर वारंवार लागते त्यास लहान खूण द्यावी, असे तत्त्व येथे योजिले आहे. रोज लागणारी मोहरी, जिरे, हळद मिसळणाच्या डब्यात हाताशी असतात. सणावारी लागणारा जिन्नस वरच्या फळीवर राहतो. छापखान्यात कोणते अक्षर किती लागते हे पाहून व्हेलने खुणा वाटल्या, असे सांगतात. मुलांच्या चार तुकड्या करून प्रत्येकीस मराठी पाठ्यपुस्तकातील एक पान द्यावे व त्यातील व्यंजने मोजून तक्ता करावयास सांगावे. ‘मराठीसाठी नवा संकेत करावयाचा असेल तर एक बिंदू कोणत्या अक्षरास द्यावा?’ या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतःच्या मोजणीवरून द्यावे. चारही तुकड्यांचे उत्तर एकच येते की नाही, हे पाहणे बोधप्रद होईल. देवनागरी लिपीत तारा पाठविण्याची सोय १९४९ साली सुरू झाली व त्यासाठी देवनागरी अक्षरांचाही संकेत ठरविण्यात आला, ही माहिती या ठिकाणी द्यावी.

५. तारेवाचून वार्ता

तारेची दुर्बलता तारेतच आहे. खांब पडला की वार्ता थांबली. १८७२ साली पांझरा व गिरणा या नद्यांना महापूर आले व खानदेशात मोठी हानी झाली. अशा प्रसंगी खांबावरची तार टिकत नाही. आणि वार्तेची गरज तर त्याच वेळी सर्वांत अधिक असते.

तारेवाचून वार्ता पाठविण्याचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोकळा झाला. हाइनरिख हर्ट्झ याने १८८७-८८ मध्ये विद्युत-चुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून दाखविल्या. मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडातून पाठविलेला संकेत अटलांटिक महासागरापलीकडे न्यू फाउंडलंड येथे ऐकला. तो संकेत एस या अक्षराचा, म्हणजे तीन बिंदूंचा होता. महासागर ओलांडण्यासाठी योजलेला पहिला संकेत न-गणाचा होता, असे म्हणण्यास हरकत नाही. १९१२ साली टायटॅनिक बुडू लागले तेव्हा त्यावरील बिनतारी यंत्रचालकांनी पाठविलेले संकेत ऐकून कार्पेथिया हे जहाज धावून आले व सातशेच्या वर माणसे वाचली.

येथे मुलांची एक शंका येईल : माणसाचा आवाजच लहरींवरून पाठविता येतो, तर बिंदू-रेघांचा खटाटोप कशाला? तिचे उत्तर आठवड्याच्या बाजारात मिळते. गलबल्यात शंभर पावलांवरच्या माणसाचे बोलणे कळत नाही. पण त्याने शीळ घातली तर ती ऐकू येते. शीळ हा एकच बारीक स्वर असतो व कान तेवढाच वेगळा निवडतो. मोर्सचा संकेत लहरींच्या पट्ट्यात बोलण्यापेक्षा फारच थोडी जागा घेतो; त्यामुळे यंत्राची सारी शक्ती तेवढ्याच जागेत एकवटते. म्हणून ज्या लहानशा यंत्रावरून बोलणे पोहोचत नाही, त्यावरून संकेत पोहोचतो. लघुलहरी वातावरणाच्या अतिउंच विद्युद्भारित थरांवरून परावर्तित होऊन खाली येतात, त्यामुळे डोंगर आड असला तरी शेकडो, हजारो किलोमीटरवर त्या ऐकू येऊ शकतात.

६. हौशी बिनतारी

बिनतारीचे ज्ञान व्यापारासाठी किंवा सरकारी कामासाठी न वापरता केवळ अभ्यास, प्रयोग व मैत्री यांसाठी वापरणारे लोक जगभर आहेत. त्यांना हौशी रेडिओवाले म्हणतात. इंग्रजीत ‘हॅम’ हे त्यांचे लाडके नाव आहे. भारतात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ साली कलकत्त्यात हे कार्य सुरू केले. मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये ध्वनिक्षेपण करून दाखविले. दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले. १९४२ च्या चळवळीत मुंबईत काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र ४२.३४ मीटरवर बोलू लागले. उषा मेहता व त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत ते चालवीत होते. त्याच्या यंत्राच्या उभारणीत हौशी बिनतारीचे ज्ञान असलेल्या माणसाचा हात होता. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते पकडले व उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. लहरींची विद्या लोकांच्या हाती असणे म्हणजे काय, हे या प्रसंगावरून वरच्या वर्गातील मुलांस समजेल.

स्वातंत्र्यानंतर, १५ मे १९४८ रोजी, महू येथील लष्कराच्या सिग्नल विद्यालयात हौशी रेडिओवाल्यांच्या अखिल भारतीय संस्थेची स्थापना झाली. धुळ्याहून आग्रा रस्त्याने सातपुडा व नर्मदा ओलांडून गेले की इंदूरच्या अलीकडे महू लागते. पुढे ही संस्था दिल्लीस गेली.

या छंदाची कसोटी संकटात लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबाद भागात हौशी रेडिओवाले आपली यंत्रे घेऊन मदतीस गेले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, त्या वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथे छंदाच्या कामासाठी गेलेल्या होत्या. बेटांचा मुख्य भूमीशी संबंध तुटला असता त्यांनी आपल्या यंत्रावरून शेकडो कुटुंबांस आप्तांची खुशाली कळविली. एरवी हौसेखातर रोज केलेला सराव त्या दिवशी कामास आला. पूर आल्यावर पोहणे शिकता येत नाही. ते आधी विहिरीत शिकून ठेवावे लागते.

या मंडळींनी आकाशातही आपले स्थान मिळविले आहे. १९५७ साली पहिल्या कृत्रिम उपग्रहाचे ‘बीप-बीप’ जगातील असंख्य हौशी लोकांनी घरी बसून ऐकले. १२ डिसेंबर १९६१ रोजी हौशी लोकांनी तयार केलेला ऑस्कर-१ हा उपग्रह सुटला. तो मोर्समध्ये ‘हाय’ एवढाच शब्द पाठवीत असे, म्हणजे आधी चार लघू व मग दोन. भारताने ५ मे २००५ रोजी हॅमसॅट हा उपग्रह खास हौशी लोकांसाठी सोडला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला ‘स्वयम्’ हा लहानसा उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. हौशी रेडिओवाल्यांचे निरोप वाहून नेणे हेच त्याचे काम ठरविले होते.

जहाजांच्या कामातून मोर्सचा संकेत १९९९ साली अधिकृतपणे निवृत्त झाला आणि २००३ पासून हौशी परवान्यासाठीही आंतरराष्ट्रीय नियमाने तो सक्तीचा राहिला नाही. तरीही हजारो हौशी लोक तो आवडीने वापरतात. सक्ती उठल्यावरही जी विद्या टिकते, तिच्यात काही सत्त्व असले पाहिजे.

७. पाठाची मांडणी

साहित्य : टॉर्चचे दोन घट, दोन घटांवर चालणारा छोटा दिवा किंवा गुंजक, रबरी आवरणाची तार सुमारे दहा मीटर, डब्याच्या पत्र्याची एक बोटभर रुंद पट्टी, लाकडाची फळी, दोन खिळे.

कळ तयार करणे : पट्टीच्या कडा कानशीने घासून बोथट कराव्या. पट्टीचे एक टोक खिळ्याने फळीवर पक्के करावे व दुसरे टोक किंचित वर वाकवावे. त्या टोकाखाली दुसरा खिळा ठोकावा. पट्टी दाबली असता ती खिळ्यास टेकली पाहिजे व सोडली असता दूर झाली पाहिजे. एक तार पट्टीस, दुसरी खालच्या खिळ्यास जोडून मधे घट व गुंजक आणावे. गुंजक पलीकडच्या वर्गात ठेवता आला तर फारच उत्तम.

प्रस्तावना : ‘नदीच्या पलीकडे शेतात वडील आहेत, पूर आला आहे, हाक ऐकू जात नाही. निरोप कसा द्याल?’ या प्रश्नाने आरंभ करावा. मुले हातवारे, आरसा, कंदील, शीळ अशी उत्तरे देतील. त्यातूनच ‘कमीत कमी खुणांत अधिकात अधिक सांगणे’ ही कल्पना पुढे आणावी.

हेतुकथन : ‘आज आपण दोनच खुणांनी बोलण्यास शिकणार आहोत.’

विवेचन : प्रारंभ अंकांपासून करावा, त्यासाठी इंग्रजी अक्षरओळखीची गरज नाही व त्यांची रचनाही नियमबद्ध आहे.

१ : · – – – –
२ : · · – – –
३ : · · · – –
४ : · · · · –
५ : · · · · ·
६ : – · · · ·
७ : – – · · ·
८ : – – – · ·
९ : – – – – ·
० : – – – – –

एकपासून पाचपर्यंत लघू एकेकाने वाढतात. सहापासून गुरू एकेकाने वाढत जातात. हा नियम शिक्षकाने सांगू नये, मुलांना शोधू द्यावा.

सराव : एका तुकडीने पाढ्यातील प्रश्न तोंडी विचारावा व दुसरीने उत्तर गुंजकावर द्यावे. ‘सात आठे’ म्हटले की पाच लघू, थोडा विराम, एक गुरु व चार लघू असे छप्पन्न ऐकू आले पाहिजे. तिसऱ्या तुकडीने ऐकून पाटीवर लिहावे. लिहिणाऱ्याने ओठ हलवून खुणा मोजू नयेत; सबंध नाद ऐकून अंक लिहावा. अंक निसटला तर त्या जागी रेघ ओढून पुढे जावे व शेवटी ‘पुन्हा सांगा’ असे विचारावे. अंदाजाने जागा भरणाऱ्यास गुण देऊ नयेत, आणि पुन्हा विचारणाऱ्याचे गुण कापू नयेत. या पाठातील मुख्य संस्कार हाच आहे. वर्गात न कळलेले विचारण्यास लाजणारी मुले या खेळात निःसंकोच विचारू लागतात, कारण येथे विचारणे हाच नियम असतो.

उपयोजन : तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लोक मोजके लिहावयास शिकले. ‘धाकट्या बहिणीस ताप आला आहे, दवाखान्यात ठेवले आहे, काळजीचे कारण नाही, पण शनिवारी घरी यावे’ हा मजकूर आठ शब्दांत लिहावयास सांगावे. अर्थ न बदलता शब्द कमी करणे ही मातृभाषेची उत्तम परीक्षा आहे. ‘काळजी नको’ हे दोन शब्द गाळणाऱ्या मुलास, ती तार वाचून घरी काय वाटेल, हे विचारावे.

भूगोलाच्या तासास हौशी लोकांच्या पत्रिकांची माहिती द्यावी. दोघांचे बोलणे झाले म्हणजे ते परस्परांस क्यूएसएल नावाचे छापील पत्र पाठवितात. त्यावर स्थळ, दिनांक, वेळ व लहरीची माहिती असते. भारतातील पुष्कळ हौशी केंद्रांच्या नावाचा प्रारंभ व्हीयू या अक्षरांनी होतो. निरोप घेताना ते ७३ हा आकडा देतात. त्याचा अर्थ ‘शुभेच्छा’. ७३ चा संकेत उलट वाचला तरी तोच राहतो. हे मुलांनी फळ्यावर पडताळून पाहावे. तासाच्या शेवटी वर्गाने शिक्षकास ७३ देऊन उठावे.

८. सावधगिरी

घरातील विजेच्या प्रवाहाशी या प्रयोगाचा कोणत्याही प्रकारे संबंध येऊ देऊ नये. टॉर्चचे घटच वापरावेत. घटाची दोन टोके दिव्यावाचून किंवा गुंजकावाचून थेट तारेने जोडू नयेत, घट तापतो.

वर्गातील गुंजकास परवाना लागत नाही; परंतु बिनतारी प्रक्षेपक परवान्यावाचून चालविणे हा अपराध आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परीक्षा घेऊन हा परवाना देण्यात येतो. वयाची किमान मर्यादा बारा वर्षांची ठेवण्यात आली आहे व कनिष्ठ दर्जाच्या परवान्यासाठी मोर्सची परीक्षा आवश्यक राहिलेली नाही. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने अर्जापूर्वी चालू नियम पाहावेत. सातवीतील एखाद्या मुलास खरोखर गोडी लागली, तर त्याला हा मार्ग आहे एवढे कळणे महत्त्वाचे आहे.

‘नमन’ संकेत खेळात वापरू देऊ नये. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट मुलांना माहीत असतेच. मदतीच्या हाकेवर लोकांचा विश्वास असतो, म्हणूनच ती हाक उपयोगी पडते. तो विश्वास खेळाने झिजवू नये. संकेत शिकवावा, त्याचे गांभीर्यही शिकवावे.

९. स्वाध्याय

१. आपल्या जन्मवर्षाचा संकेत लिहा. त्यात लघू किती व गुरू किती?
२. १८५५ सालच्या दराने १,२०० मैलांवर १६ शब्दांची तार करण्यास किती रुपये पडले असते?
३. सहा खुणांचे एकूण किती प्रकार होतील?
४. तारयंत्रात पोलादाऐवजी मऊ लोखंड का वापरतात? (पोलादाचे चुंबकत्व प्रवाह थांबल्यावरही टिकून राहते, हे प्रयोगाने दाखवावे.)
५. पुरात गावची वीज व भ्रमणध्वनी बंद पडले, तर तालुक्याच्या गावी निरोप पोहोचविण्याचे कोणते तीन उपाय तुमच्या गावात आज उपलब्ध आहेत? मोठ्या माणसांना विचारून लिहा.
६. घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्या मनुष्यास पूर्वी आलेल्या एखाद्या तारेविषयी विचारा. तिचा मजकूर त्यांना आठवत असल्यास तो जसाच्या तसा लिहून आणा. स्वतःचा एकही शब्द घालू नका.